यादीतला एकोणिसावा नंबर

दवाखान्यात तिला सगळे तारमास्तरीण म्हणत. तारा बंद होऊन जमाना झाला, आणि खरं सांगायचं तर ती तारखात्यात कधी नव्हतीच. ती होती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. पण टोपणनाव ठेवणाऱ्यांना कोण समजावणार? ऐन विशीत ती कानाला तो जड हेडफोन लावून बसली आणि पुढची सोळा वर्षं शहरातल्या लोकांची बोलणी एकमेकांना जोडून देत राहिली. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा भाऊ पळून गेला, कुणाच्या पोरीने कुठे चिठ्ठी लिहून ठेवली, सगळं तिच्या कानावरून गेलं. बाहेर तिने कधी ब्र काढला नाही. इतर बायकांच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि हिच्या बाबतीत सासू निम्म्या कौतुकाने, निम्म्या वैतागाने म्हणायची, "हिच्या पोटात विहीर आहे. टाकलेलं काही वर येत नाही."

नवराही तिला एक्स्चेंजमधूनच मिळाला. तो वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात नवा नवा लागला होता आणि साहेबांचे फोन लावायचं काम त्याच्याकडे होतं. काही दिवसांनी तो असे नंबर मागू लागला, जे अस्तित्वातच नव्हते. "हा नंबर नाहीये," ती म्हणायची. "अरेरे, नीट बघा ना पुन्हा," तो म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?" तो एका संध्याकाळी सायकल घेऊन एक्स्चेंजच्या फाटकाशी उभा. ही गोष्ट तिने मुलीला निदान पन्नास वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी तो शेजारी बसून मान खाली घालून हसायचा. सव्वीस वर्षांचा संसार झाला. तो महिन्यातले तीन-चार दिवस आजूबाजूच्या गावांतले काटे तपासायला जायचा, बाकीचे दिवस घरी असायचा. चहा तो करायचा. बटणं तो लावायचा. मुलगी नोकरीला दुसऱ्या शहरी गेल्यापासून दोघंच होती आणि दोघांचं बरं चाललं होतं, निदान तिला तसं वाटत होतं.

एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली आणि माणसं जास्तीची झाली, तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं, सात नंबरच्या खोलीत. दारावरच्या पाटीवर लांबलचक नाव होतं, ते कुणी वाचत नसे. गुप्तरोगाची तपासणी म्हणजे 'सात नंबर', आणि तेवढं म्हणतानाही लोक आवाज खाली आणत. खोली बोळाच्या टोकाला. माणूस आधी दारावरून पुढे निघून जायचा, जणू दुसरंच काही शोधतोय. मग परत फिरायचा. तिसऱ्या खेपेला पटकन आत शिरायचा. तारमास्तरणीला त्या पावलांच्या आवाजावरूनच कळायचं, की हे गिऱ्हाईक आपलं.

खोलीत कारभार तिघींचा. डॉक्टरीणबाई, रक्त घेणाऱ्या सिस्टर, आणि नोंदणीच्या टेबलाशी तारमास्तरीण. सिस्टर हिच्याहून सहा वर्षांनी लहान. अकरा वर्षं दोघी एका डब्यात जेवत आल्या होत्या. सिस्टरच्या आईच्या आजारपणात ही तिच्या घरी पंधरा दिवस झोपायला गेली होती. हिच्या मुलीला पहिली साडी नेसवली ती सिस्टरने.

पूर्वी निकाल कागदावर मिळायचा आणि निम्मे लोक तो न्यायलाच यायचे नाहीत. रक्त द्यायला आणलेलं धैर्य तिथेच संपून जायचं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, की निकाल मोबाईलवर मेसेजने जाईल. हे काम दुसऱ्या कुणाला देणार? सोळा वर्षं लोकांचे निरोप पोहोचवून एकही न सांडलेली बाई समोर बसलेली होती.

मेसेज दोन प्रकारचे. पहिला ज्याची तपासणी झाली त्याला: सर्व ठीक आहे, किंवा या, औषध आहे. दुसरा प्रकार जरा वेगळा. आजार निघाला की डॉक्टरीणबाई विचारायच्या, तुमच्यामुळे आणखी कुणाला झाला असेल का? घरी सांगाल? बहुतेक जण मान हलवायचे, म्हणजे नाही. तर मग नंबर द्या, आम्ही कळवतो, तुमचं नाव येणार नाही. त्या मेसेजचे शब्द तिघींनी मिळून, तीन दिवस डबा समोर ठेवून घासूनपुसून ठरवले होते: "तुमच्याशी जवळचा संबंध आलेल्या एका व्यक्तीच्या तपासणीत औषधाने बरा होणारा आजार आढळला आहे. तुम्हीही तपासून घ्या. खोली क्रमांक सात, सकाळी नऊ ते एक. कुणाचेही नाव सांगितले किंवा विचारले जाणार नाही."

सुरुवातीला हे सगळं कॉम्प्युटर आपोआप पाठवायचा. मग एकदा यादी एका ओळीने घसरली, आणि ज्याचा निकाल त्याला न जाता खालच्याला गेला. एक सत्तरीचे आजोबा, जे नुसते सरकारी दाखल्यासाठी रक्त देऊन गेले होते, ते मेसेज घेऊन थरथरत आले आणि म्हणाले, "बाई, माझी बायको जाऊन बारा वर्षं झाली, आता हे कुठून?" त्या दिवसापासून नियम झाला. यादी कागदावर येणार. कागदावर नाव नाही, फक्त नंबर आणि पुढे खूण. आणि तारमास्तरीण एकेक आकडा हाताने टाकून, मोठ्याने दोनदा वाचून, मगच बटण दाबणार. नावांचं रजिस्टर सिस्टरच्या कपाटात. कपाटाची एक किल्ली सिस्टरच्या कमरेला, दुसरी तारमास्तरणीच्या खणात, केवळ अडीअडचणीला. चार वर्षांत तिने ती किल्ली उचललीही नव्हती.

याचा तिला अभिमान होता, आणि अभिमान घरी बोलून दाखवायचा नाही तर कुठे? "माझ्यासमोर नुसते आकडे असतात," ती नवऱ्याला सांगायची. "माझ्या सुट्टीच्या दिवशी शेजारचा जरी येऊन गेला तरी मला पत्ता लागायचा नाही." तो म्हणायचा, "हे बाकी चांगलं आहे." बाकी तो दवाखान्याचं फारसं विचारत नसे. मेसेज ती स्वतःच्या हाताने पाठवते, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या समजुतीने ते अजून कॉम्प्युटरच करत होता.

बिननावाच्या मेसेजनंतर फोन यायचे. बायकांचेच जास्त. "माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?" तारमास्तरणीचं उत्तर पाठ होतं: "ते आम्हाला सांगता येत नाही. तुम्ही तपासून घ्या, औषध फुकट आहे." एकदा एक बाई फोनवर नुसतीच श्वास घेत राहिली आणि मग म्हणाली, "अहो बाई, माझ्या आयुष्यात माणूस एकच. मग नाव नाही सांगितलं म्हणजे काय केलंत तुम्ही?" तारमास्तरीण तिला म्हणाली, "नियम आहे हो." फोन ठेवून सिस्टरला म्हणाली, "कायकाय विचारतात एकेक." आणि दोघी पुढच्या कामाला लागल्या.

ती सुट्टीवर असायची शनिवारी. त्या दिवशी फक्त डॉक्टरीणबाई आणि सिस्टर. कुणी थांबायला तयार असेल तर त्याला निकाल तिथेच तोंडी सांगत, मेसेज लागत नसे. आठवड्याची यादी निघायची बुधवारी.

तर त्या बुधवारी अकराच्या सुमाराला सिस्टरने कागद आणून टेबलावर ठेवला. एरवी ती टेबलाच्या कडेला टेकून दोन शब्द बोलायची. त्या दिवशी कागद ठेवला आणि वळली. सोमवारपासून तिचं हे असंच चाललं होतं. डबा उघडायची, दोन घास खाऊन म्हणायची दाढ दुखतेय. तारमास्तरणीने तिला लवंगसुद्धा आणून दिली होती.

यादीत एकोणीस नंबर. पहिले पंधरा निकालांचे, शेवटचे चार बिननावाचे. सोळावा झाला, सतरावा झाला, अठराव्याचा एक आकडा चुकला, तो सुधारला. एकोणिसावा ती टाकू लागली. आता गंमत बघा. या बाईला शंभरेक नंबर तोंडपाठ होते: मुलीचा, सिस्टरचा, पाणीवाल्याचा, बंद पडलेल्या एक्स्चेंजमधल्या साहेबांचासुद्धा. पण स्वतःचा नंबर माणूस स्वतः कधी लावतो? तिने नऊ आकडे टाकले, दहावा टाकला, मोठ्याने वाचायला लागली, आणि वाचताना स्वतःच्याच आवाजाने तिला अडवलं. असा आपण हा नंबर कुठे वाचतो? फॉर्मवर. बँकेत. कुणी विचारलं की.

तिने तो पुन्हा वाचला. नियमच होता दोनदा वाचायचा.

आधी तिला वाटलं, सिस्टरने चुकून लिहिला. दवाखान्याच्या कामासाठी हिचा नंबर दहा ठिकाणी लिहिलेला असतो, गेला असेल इथे. मग पुढची खूण पाहिली. खूण बिननावाचीच होती. मग तिला ती फोनवरची बाई आठवली. नाव नाही म्हणे! जिच्या आयुष्यात चार माणसं असतील तिला हा मेसेज कोडं घालेल. जिच्या आयुष्यात एकच आहे, तिला तो नाव, गाव, पत्ता, सगळं सांगतो. चार वर्षं आपण किती बायकांना त्यांच्या नवऱ्याचं नाव कळवत होतो आणि वर म्हणत होतो, नाव सांगता येत नाही.

बटण दाबल्याशिवाय यादी पुरी होत नव्हती. तिने बटण दाबलं. खणातल्या पर्समध्ये फोन थरथरला.

डब्याच्या वेळी तिने सिस्टरला दार लावायला सांगितलं. "शनिवारी कोण आलं होतं?"

सिस्टर भिंतीकडे बघत राहिली. "ताई, ते विचारू नकोस."

"तू ओळखलंस ना? माझ्या घरी जेवलीयेस तू."

"मला सांगता येत नाही. तूच तर…" सिस्टरचा आवाज फुटला. "मी कुणाचंही असंच केलं असतं."

"दाढ दुखत होती म्हणे."

सिस्टरने डोळ्यांतलं पाणीही पुसलं नाही. तारमास्तरणीला कळत होतं की ती चुकलेली नाही. नियम नियमासारखा पाळला होता, आणि हा नियम शिकवणारी आपणच. पण सोमवार, मंगळवार आणि आज, तीन दिवस ही आपल्या डब्यातला घास उचलत होती आणि हिला माहीत होतं. बरोबर वागलेल्या माणसाचंसुद्धा मनाला इतकं लागतं, हे तिला नवीनच होतं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि उरलेला दिवस टेबलाशी बसून काढला.

घरी जाताना ती मनाला समजावत होती. आजार मोठा नाही, तीन इंजेक्शनांचा खेळ. माणूस घसरतो. सात नंबरमध्ये तिने काय कमी लोक पाहिले होते? रडणारे, पाया पडणारे, बायकोला कसं सांगू म्हणून डोकं धरून बसलेले. त्यांचा तिला कधी राग आला नव्हता. आज घरी गेल्यावर त्याने नुसतं म्हणावं, 'बस जरा, मला काहीतरी सांगायचंय,' एवढंच तिला हवं होतं. पुढचं पुढे बघता आलं असतं. मेसेज गेलेला त्याला माहीत नसेल. पण बुधवारी यादी जाते हे माहीत होतं. म्हणजे आज तो वाट बघत असणार.

तो खरोखरच वाट बघत होता. चहा तयार होता. "आज उशीर?" म्हणाला. ती म्हणाली, "चालत आले." तो तिच्या पर्सकडे एकदा बघून पुन्हा कपाकडे बघू लागला. ती थांबली. चहा संपेपर्यंत थांबली. तो शेजारच्या नव्या कुंपणाबद्दल बोलत राहिला. शेवटी तिने फोन काढून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. इतकं सावकाश, की तेवढ्यात दोनदा वाचून झालं असतं. "हे काय? हा तुला कसा आला?"

"तेच विचारतेय."

"चुकीचा असेल. तुमचा तो कॉम्प्युटर… ते आजोबा नव्हते का?"

"आता कॉम्प्युटर नाही पाठवत. मी पाठवते. एकेक आकडा हाताने टाकून. हा मेसेज मीच पाठवलाय, अकरा वाजता."

त्याचा चेहरा उतरला. चष्मा काढला, पुन्हा लावला. "मग त्या यादीत… नाव खरंच नसतं ना गं?"

"नाही."

आणि तो मागे टेकला. छातीवरून ओझं उतरल्यासारखा त्याने एक लांब श्वास सोडला. त्या श्वासाचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. उभं आयुष्य तिने लोकांच्या आवाजांवर काढलं होतं. या श्वासापुढे कबुलीजबाबाची गरज नव्हती. तिला वाटलं, आता तरी बोलेल. सुटका झालेलं माणूस मोकळं होतं कधीकधी.

"मग तूच सांग," तो म्हणाला. आवाज हळूहळू चढत गेला. "माझा तर काही संबंध नाही. मेसेज तुझ्या फोनवर आलाय. कुणीतरी तुझा नंबर दिल्याशिवाय आला का? दिवसभर त्या खोलीत बसतेस, कसकसली माणसं येतात तिथे. मी कधी विचारलंय का तुला?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. घसरणं तिने मनातल्या मनात माफसुद्धा करून टाकलं होतं, चालत येताना, वळणावरच्या सायकलच्या दुकानाशी. पण हे? हा माणूस शनिवारी, तिची सुट्टी बघून, तिच्याच खोलीत गेला होता. का गेला? तर तिथून काही बाहेर फुटत नाही, हे तिनेच त्याला जेवताना पन्नास वेळा सांगितलं होतं. तिच्या इमानावर त्याचा पुरेपूर भरवसा होता. त्याच इमानाच्या आडोशाला उभं राहून तो तिला फसवत होता. आणि आता वर तिच्याच तोंडाला काळं फासत होता. ती भांडी घासायला उठली आणि त्याचा कप तसाच ठेवून आपला एकटीचा घासला.

दुसऱ्या दिवशी ती आठ वाजताच दवाखान्यात पोहोचली. कुणी आलं नव्हतं. खणातली किल्ली तिने पहिल्यांदा हातात घेतली. कपाट दोन पावलांवर. शनिवारचं पान काढायचं, फोनमध्ये त्याचा फोटो घ्यायचा, आणि संध्याकाळी त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचा. मग बघू म्हणावं कोण कुणाला विचारतंय. किल्ली कुलपात गेली, अर्धी फिरलीही.

पण त्या पानावर एकटा तोच थोडाच होता? वर-खाली आणखी कुणाकुणाची नावं. कुणी तिसऱ्या खेपेला दारातून आत शिरलेलं. त्यांनी हिला काय केलं होतं? शिवाय पान बघून कळणार ते तिला कळलेलंच होतं. तिला कागद नको होता. तिला तोंडाने सांगणारं माणूस हवं होतं, आणि ते कपाटात नव्हतं. तिने किल्ली काढून खणात टाकली. हे काही मोठेपणाने केलं नाही. उलट तिला स्वतःचाच संताप आला, की एवढं होऊनसुद्धा आपल्याला साधं एक कपाट उघडता येत नाही.

नऊ वाजता सिस्टर आली तेव्हा टेबलामागची खुर्ची रिकामी होती. तारमास्तरीण बाहेरच्या बाकावर बसली होती, लोक बसतात तशी, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिच्या आधी दोघे जण होते. ते होईपर्यंत ती थांबली.

सिस्टरने सुई टोचली, नळी भरली, कापूस दाबून धरला. मग फॉर्म पुढे ओढला. प्रश्न छापलेलेच होते, ते सगळ्यांना विचारावे लागत. तिने मान खाली घालून विचारायला सुरुवात केली.

"काही त्रास?"

"नाही."

"आतापर्यंत किती जणांशी…" सिस्टर अडखळली.

"एक."

"निकाल मेसेजवर पाठवू?"

"नको. समोर बसवून सांग. मला एकदा तरी कुणीतरी तोंडावर सांगा."

सिस्टरच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब फॉर्मवर पडला. तो तिने बोटाने पुसला, शाई थोडी पसरली. एक प्रश्न उरला होता. तो ती विचारीना, तेव्हा तारमास्तरणीने फॉर्म आपल्याकडे वळवून स्वतःच वाचला: आजार आढळल्यास जोडीदाराला कळवायचे आहे का?

"लिही, नको," ती म्हणाली. "त्याला माझ्याआधीच माहीत आहे."